जाधव सरांची लाज

लाज वाटली की जाधव सरांचे कान लाल व्हायचे. चेहरा तसाच असायचा, आवाजही तसाच, फक्त कान. सावळ्या माणसाचे कान इतके लाल होऊ शकतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. शिवाय बहुतेक वेळा लाज वाटण्यासारखं दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असायचं आणि कान मात्र सरांचे लाल व्हायचे.

अलिबागजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटर विभागात आम्ही काही वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. सुधीर जाधव, मूळचे महाडकडचे. चौलला भाड्याने राहायचे आणि जुन्या स्कूटरवरून यायचे. सी भाषा शिकवायचे. इतर सगळे मास्तर त्या विषयापासून पळायचे, कारण त्यात मुलं नापास होतात आणि वर उत्तर आम्हाला द्यावं लागतं. सरांना तो विषय मनापासून आवडायचा. फळ्यावर नारळीच्या झाडांसारख्या ओळीने चौकटी काढायचे आणि म्हणायचे, "ही मशीनची जागा. इथे फुकट काही मिळत नाही. मागून घ्यायचं आणि काम झालं की परत करायचं. विसरलात तर कुणी आठवण करून देणार नाही." तास संपला की स्वतःचा फळा पुसायचेच, पण जाता जाता शेजारच्या वर्गातला, दुसऱ्याच मास्तरांचा फळाही पुसून यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पुढच्या माणसाला आपला कचरा दिसू नये."

"चालतंय" हा शब्द त्यांना खपायचा नाही. मुलगा म्हणाला, "सर, प्रोग्रॅम चालतोय," की ते लगेच विचारायचे, "का चालतोय?" नापास झालेल्यापेक्षा पास झालेल्याची जास्त चौकशी व्हायची.

एकदा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने प्रोजेक्ट म्हणून पनवेलच्या दुकानातून तयार घेतलेलं काहीतरी जमा केलं. आतल्या एका पानावर दुसऱ्याच कॉलेजचं नाव तसंच राहिलं होतं. आमच्यापैकी कुणीही त्याला झाडलं असतं. सरांनी ते पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. कान लाल झालेले. म्हणाले, "तुझा राग नाही आला रे. सहा महिने मी तुझ्यासमोर उभा होतो, आणि अडलं तर मला विचारावं असं तुला एकदाही वाटलं नाही. म्हणजे मी कसा शिकवत असेन बघ." तो मुलगा चांगला उंचापुरा, व्हॉलीबॉलचा कप्तान. व्हरांड्यात जाऊन रडला. पुढे मुलं म्हणायची, सरांनी ओरडलेलं परवडतं, पण त्यांना लाज वाटलेली बघवत नाही.

तपासणी समिती यायची होती तेव्हाचा प्रसंग तर आमच्या स्टाफरूममध्ये अजून सांगितला जातो. लॅबमध्ये मशीन कमी होती, म्हणून ओळखीच्या एका संस्थेतून टेम्पो भरून मशीन आणून मांडली होती. प्राचार्यांनी सगळ्यांना बजावलं होतं की विचारलंच तर आपलीच म्हणायचं. समितीतल्या बाईंनी नेमकं जाधव सरांना गाठलं. "ही सगळी तुमचीच?" सर म्हणाले, "आज आहेत." बाई हसल्या, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढे गेल्या. प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आम्ही दुपारी सरांची पाठ थोपटायला गेलो, तर ते डबा न उघडताच बसलेले.

"अहो, काय छान उत्तर दिलंत!"

"कसलं छान? सरळ नाही म्हणायचं होतं. ते जमलं नाही म्हणून विनोद केला," सर म्हणाले. "भित्र्या माणसाला विनोद बरा सुचतो."

असे होते ते. आम्हाला जिथे कौतुक दिसायचं, तिथे त्यांना स्वतःची कमतरता दिसायची. पण ज्या प्रसंगासाठी मी हे लिहायला बसले, त्यात त्यांची लाज खरीच होती. ती त्यांच्या स्वतःच्या करणीची होती.

दर उन्हाळ्यात जगभरातल्या विद्यार्थ्यांना ओपन सोर्सवाल्या, म्हणजे आपले प्रोग्रॅम सगळ्यांना खुले ठेवणाऱ्या संस्थांबरोबर काम करायला मिळतं असा एक उपक्रम असतो. संस्था कामांची यादी लावतात, विद्यार्थी त्यातलं एक निवडून आपण ते कसं करू हे लिहून पाठवतात, आणि थोड्यांची निवड होते. आमच्या कॉलेजातून तोवर कुणाची झाली नव्हती. सरांनी मनावर घेतलं होतं. फेब्रुवारीत रोज दुपारी दोघं-तिघं त्यांच्या टेबलाशी यायची आणि यादीवर चर्चा चालायची.

त्यातल्या एका कामावर सरांचा स्वतःचाच जीव होता. पायथनसारख्या सोप्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमने सीमध्ये लिहिलेलं जुनं, तयार काम, म्हणजे लायब्ररी, बोलावून वापरायचं, त्यासाठीचा मधला पूल बांधायचा. ऐकायला सोपं, करायला वाईट. दोन्हीकडचे नियम वेगळे. पायथन तुमच्या मागून आवराआवर करतं, सी करत नाही. जागा कुणी मागितली आणि परत कुणी करायची यात गोंधळ झाला, तर प्रोग्रॅम चूक दाखवत बसत नाही, जागच्या जागी मरतो. ते काम अलिबागच्याच ओंकारला हवं होतं. वर्गात पहिला, इंग्रजी फाडफाड, मुलगाही चांगला. सर त्याच्यावर खूश होते.

त्याच दिवसांत प्राची आली. प्राची नाखवा, रेवदंड्याची, कोळीवाड्यातली. वर्गात मधल्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही. बोलली तर तोंडातून "हाय" आणि "न्हाय" निघून जायचं, की लगेच ओठ चावायची. हातात लॅपटॉप उघडाच होता. ती म्हणाली, "सर, मला पण तेच काम घ्यायचंय. सीची लायब्ररी बोलवायचं."

सरांनी चष्मा काढला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "प्राची, ते फार किचकट आहे गं. वर तिकडच्या लोकांशी रोज इंग्रजीत बोलावं लागेल. तुला झेपेल असं काहीतरी घे. हे बघ, माहितीपुस्तिका लिहायचं काम आहे, ते छान आहे."

"सर, मी थोडं करून बघितलं…"

"चांगलं आहे ना. सराव होतो. पण निवड करताना शहाणपणाने करावी."

"बरं सर," म्हणत तिने लॅपटॉप मिटला आणि गेली. मी शेजारी पेपर तपासत होते. मला त्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही, आणि सरांना तर मुळीच नाही. ओरडले असते तर निदान कुणाच्या लक्षात राहिलं असतं.

प्राचीने कुठलाच अर्ज केला नाही. ओंकारचा गेला. मुदत संपल्यावर संस्थेने त्याला एक छोटं काम करून दाखवायला सांगितलं, आणि तिथे तो अडकला. प्रोग्रॅम सुरू व्हायचा, दोन ओळी छापायचा आणि मरायचा. सर आणि तो लॅबमध्ये ठाण मांडून बसले. सरांना सी येत होती, पण पायथनच्या बाजूने ती बोलावणं त्यांनाही नवीन होतं. मी काही कामाने तिथे गेले, तेव्हा प्राची मागच्या मशीनवर तिचं प्रॅक्टिकल संपवत होती. जाता जाता ती त्यांच्या पडद्यापाशी थांबली.

"सर, लायब्ररीकडून आलेलं ते नाव तुम्ही फ्री करताय."

"हो, मग? जागा परत नको करायला?" ओंकार म्हणाला.

"ती आपली न्हाय. लायब्ररी स्वतःच्याच जागेतलं नाव दाखवते फक्त. तुम्ही ती जागा सोडली, की लायब्ररी परत तिकडे बघायला जाते आन् मरते."

ओंकारने ती ओळ काढली. प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालला.

सर तिच्याकडे वळले. "का चालला, हे तुला कसं कळलं?"

"माझा पण असाच मरत होता. जानेवारीत."

"तुझा कुठला?"

तिने सॅकमधून लॅपटॉप काढला. भरती-ओहोटीच्या वेळा काढणारी एक जुनी सीची लायब्ररी तिने पायथनमधून बोलावली होती आणि रेवदंड्याच्या खाडीच्या वेळा पडद्यावर आणल्या होत्या. वडिलांची होडी आहे, म्हणून सुचलं असं म्हणाली. मग ओशाळून हसली. "पण बरोबर येत न्हाय. आकडे मुंबई बंदराचे घेतले ना मी. बाबा म्हणले, ह्याच्यापरीस मी दारात जाऊन बघतो."

ओंकार हसला, मीही हसले. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "हे मला कधी दाखवलं नाहीस?"

"आणलं होतं की सर. त्या दिवशी."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं असावं. सरांचे कान लाल झाले, मग मानही. ओंकारला काहीतरी सांगून ते बाहेर गेले आणि त्या दिवशी परत लॅबमध्ये आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीलाच त्यांनी वर्गासमोर सांगून टाकलं. दार उघडं होतं, मी पलीकडच्या वर्गात होते, प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"प्राची नाखवाला मी म्हणालो होतो की हे काम तुला झेपणार नाही. तिने काय केलंय ते मी बघितलंसुद्धा नव्हतं. मग असं का म्हणालो? कालपासून विचार करतोय. ती 'हाय-न्हाय' बोलते, कोळीवाड्यातून येते, एवढंच कारण सापडलं. मास्तर म्हणून मला याची लाज वाटते. प्राची, सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो."

मला भरून आलं. मोठा माणूस, असं वाटलं. तास संपल्यावर दोघंचौघं सहकारी येऊन त्यांचा हात हातात घेऊन गेले.

प्राची मात्र त्यानंतर कॉलेजात यायची बंद झाली.

आधी वाटलं, आजारी असेल. मग तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं. सरांनी नाव घेतल्याबरोबर अख्खा वर्ग वळून प्राचीकडे बघायला लागला होता. ज्या बोलण्याचा तिला संकोच वाटायचा, ते सरांनी फळ्यासमोर उभं राहून म्हणून दाखवलं होतं. नंतर कँटीनमध्ये एक-दोघांनी "काय गं, चहा हाय का न्हाय?" केलं. गमतीतच. ती उठली आणि घरी गेली.

मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते उभे होते. खुर्ची मागे ओढून हळूच बसले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझ्याबरोबर रेवदंड्याला याल का? मी एकटा गेलो तर घरच्यांना वाटेल, पोरीने काहीतरी केलंय."

शनिवारी आम्ही शेअर रिक्षाने निघालो. वाटेत ते बाहेर बघत होते. चौल मागे पडल्यावर अचानक बोलायला लागले. "दहावीनंतर मला सायन्सला जायचं होतं. मार्क होते. आमच्या मास्तरांनी वडिलांना बोलावलं. वडील कुळाच्या शेतावर राबणारे, आमची वस्ती गावाबाहेर. मास्तर फार प्रेमाने म्हणाले, 'त्याला झेपेल असं काहीतरी करू द्या. सायन्स तुमच्या लोकांना जड जातं.' वडील हात जोडून परत आले. आईने मात्र ऐकलं नाही, म्हणून मी इथे आहे." मग म्हणाले, "शब्दसुद्धा तोच, मॅडम. आवाजसुद्धा तोच काढला मी."

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून रिक्षा कोळीवाड्याकडे वळवली.

प्राचीच्या घरासमोर बोंबील वाळत घातले होते. तिची आई आम्हाला बघून घाबरीच झाली. "सर, तुमी येवढ्या लांब कशाला आलाव? पोरीनं काय केला?"

"तिनं काही नाही केलं. मी केलंय," सर म्हणाले.

आईला काही उमगलं नाही. तिने आम्हाला ओट्यावर बसवलं आणि चहा टाकायला गेली. प्राची बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. सरांनी सुरुवात केली, "प्राची, परवा वर्गात मी…"

"सर, परत नको," ती म्हणाली.

सर थांबले.

"तुम्ही माफी मागितली ती तुम्हाला बरं वाटायला मागितली. मला विचारलं न्हाय. सगळे म्हणतात, सर किती मोठ्या मनाचे. मी काय झाले त्यात? मी झाले ती हाय-न्हायवाली." या वेळी तिने ओठ चावला नाही.

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे कोसळणार, किंवा अजून एकदा माफी मागणार, आणि ते फार वाईट होईल. दोन्ही झालं नाही. मान हलवत ते म्हणाले, "खरं आहे. मी माझंच ओझं उतरवलं." मग म्हणाले, "आता मी काय करू, तूच सांग."

प्राची खांबापासून पुढे आली. मग म्हणाली, "माझा कोड बघा. त्या दिवशी बघितला न्हाय, तो."

तिने लॅपटॉप आणला. सरांनी तो मांडीवर न घेता ओट्यावर ठेवला, स्वतः खाली पायरीवर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मी चहा घेतला, तिच्या आईने दिलेली भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली, वडील जाळं खांद्यावर टाकून आले, सरांना बघून "बसा बसा" म्हणत आत गेले, तरी सर वाचतच होते. मध्येच विचारायचे, "हे असं का?" ती सांगायची. मी सरांचा स्वभाव ओळखून होते. मला भीती होती की अपराधी वाटून ते आता नुसतं कौतुक करतील. पण अर्ध्याच्या पुढे गेल्यावर ते म्हणाले, "इथे चुकलंय."

"कुठे?"

"उत्तर ठेवायला दर वेळी जागा मागतेस, परत कुठे करतेस? दिवसभर चालू ठेवलास तर जागा खात फुगत जाईल."

"मी एकदाच चालवते ना पण!"

"तू एकदाच चालवशील. दुसरा कुणी वापरणार असेल तर?"

"दुसरा कोण वापरणार हाय?"

"म्हणजे काय? मग लिहिलंस कशाला?"

आणि दोघं चक्क भांडायला लागली. ती वाकून पडद्यावर बोट ठेवत होती, सर तिचं बोट बाजूला करून आपलं ठेवत होते. तिची आई दारातून मला खुणेने विचारत होती, सर ओरडतात का? मी मान हलवली. रायगडच्या त्या किनाऱ्यावर त्या दुपारी त्या दोघांइतकं खूश कुणी नसेल, असं मला वाटलं. निदान प्राची तरी खूश होती. सरांचं सांगता येत नाही.

सोमवारी ती कॉलेजात आली.

त्या वर्षी ओंकारची निवड झाली नाही, आणि प्राचीने तर अर्जच केलेला नव्हता. पण तिने आपलं काम नीट करून थेट त्या संस्थेकडे पाठवलं. तिकडच्या लोकांनी ते पुन्हा पुन्हा परत धाडलं, हे बदल, ते बदल. तिचं इंग्रजी तुटक होतं. त्यांचंही फार बरं नव्हतं असं ती हसून सांगायची. पावसाळा सरता सरता ते स्वीकारलं गेलं. पुढच्या वर्षी तिने यादी बघून स्वतःच काम निवडलं, सरांना फक्त सांगितलं. सरांनी "का?" एवढंच विचारलं. तिची निवड झाली.

कॉलेजने फाटकावर भलामोठा बॅनर लावला. मध्ये प्राचीचा फोटो, बाजूला प्राचार्यांचा, आणि खाली "मार्गदर्शक: प्रा. सुधीर जाधव" म्हणून सरांचा. सकाळी स्कूटरवरून येताना सरांनी तो बघितला. शिपायाकडून शिडी मागून घेतली आणि सगळी मुलं बघत असताना वर चढून आपल्या फोटोवर आणि नावावर कोरा कागद चिकटवला. प्राचार्य धावत आले. "जाधव, हे काय चाललंय?" सर शिडीवरूनच म्हणाले, "सर, तेवढं खोटं आहे." खाली उतरले तेव्हा कान पेटल्यासारखे दिसत होते. प्राची फाटकापाशीच उभी होती. सर खाली येईपर्यंत ती शिडी धरून राहिली होती.

पुढे आई थकली म्हणून सर महाडकडच्या एका कॉलेजात गेले. प्राची शिकून ऐरोलीला नोकरीला लागली. कधी घरी आली की मला भेटून जाते. आता ती कुणासमोरही "हाय" म्हणते आणि पुढे बोलत राहते.

सरांची आणि माझी शेवटची भेट अलिबागच्या एसटी स्टँडवर झाली. पेपर तपासणीसाठी आले होते, परत निघाले होते. केस पिकले होते. आईची तब्येत, नवीन कॉलेज, सी भाषा आता अभ्यासक्रमातून कमी केली, असं बरंच बोललो. मी प्राचीचं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते.

"तिला फोन करा ना एकदा. तुमची आठवण काढते," मी म्हणाले.

"नको. तिच्या वाटेत कशाला जायचं?"

"सर, तिने केव्हाच माफ केलंय तुम्हाला."

"हो," ते म्हणाले. "तिने केलंय."

तेवढ्यात महाडची गाडी लागली. गर्दी होती. सर चढले, पण बसायला जागा मिळाली नाही. वरची दांडी धरून उभे राहिले. खिडकीतून त्यांना मी दिसत होते. हात हलवायला त्यांनी दांडी सोडली, गाडीने वळण घेतलं तसा त्यांचा तोल गेला, आणि सावरता सावरता हात हलवायचं राहून गेलं.